मान आणि धन : न्यूपोर्टच्या किनाऱ्यावरील गायिका



या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले तेव्हा त्यांची अशी समजूत असावी की, हा गृहस्थ किमान वेतनावर बोलेल, फार तर विडी धंद्याच्या भवितव्यावर बोलेल. मी विषय कळविला तो गाण्याचा, आणि तोही अमेरिकेतल्या एका समुद्रकाठच्या गावातील उन्हाळी महोत्सवाचा. चालकांपैकी एका तरुणाने मला विचारलेही, "काका, तुमचा आणि गाण्याचा संबंध काय?" संबंध आहे. माझी शाळा सातवीला सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते सार्वजनिक वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत झाले. सुरातले बारकावे मला सांगता येणार नाहीत. परंतु गाणे हेही काम आहे, गाणारी बाई ही काम करणारी बाई आहे. आणि कामाचे मोल कोण ठरवतो व ते शेवटी कोणाच्या हाती पडते, हे पाहण्यात माझी तीस वर्षे गेली आहेत. त्याच डोळ्यांनी मी या महोत्सवाकडे पाहणार आहे.

आपल्या भाषेत 'मानधन' असा एक शब्द आहे. मोठा सभ्य शब्द. कलावंताला मजुरी देत नाहीत, मानधन देतात. अंगणवाडीतल्या सेविकेला जे मिळते त्यालाही सरकारी कागदावर वेतन म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. या शब्दात मान आधी येतो आणि धन मागून. कित्येकदा मानच तेवढा येतो आणि धन वाटेत कुठेतरी उतरून जाते. आज मी ज्या गायिकांची हकीकत सांगणार आहे, त्यांच्यापैकी बहुतेकींना हा अनुभव आला.

प्रथम ते गाव. ऱ्होड आयलंड हे अमेरिकेतले सर्वांत लहान राज्य. त्यातल्या एका बेटाच्या टोकाला, अटलांटिक महासागराच्या तोंडाशी, न्यूपोर्ट वसले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रेल्वे, जहाजे आणि कोळशावर गबर झालेल्या कुटुंबांनी उन्हाळ्यातले काही आठवडे घालविण्यासाठी येथे वाडे बांधले. व्हँडरबिल्ट घराण्याचा 'द ब्रेकर्स' हा वाडा १८९५ साली पुरा झाला. त्याला ७० खोल्या आहेत, आणि हे लोक त्याला 'कॉटेज' म्हणत. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या सरदाराने आपल्या वाड्याला खोपटे म्हणावे तसे! या खोपट्यांतली भांडी घासायला, कपडे धुवायला, चादरी बदलायला आयर्लंडहून आलेल्या मुली असत. न्यूपोर्टच्या उन्हाळ्याची गोष्ट सांगताना त्या मुलींना वगळू नये, म्हणून त्यांचा उल्लेख केला.

याच गावी, खाडीच्या मुखावरच्या फोर्ट ॲडम्स नावाच्या जुन्या किल्ल्याच्या आवारात, दर उन्हाळ्यात लोकसंगीताचा महोत्सव भरतो. हजारो माणसे गवतावर बसतात. ज्यांच्याजवळ होड्या आहेत ते पाण्यात नांगर टाकून तिथूनच ऐकतात. २७ जुलै २०१९ रोजी, शनिवारी संध्याकाळी, मुख्य मंचावरचा शेवटचा कार्यक्रम संपूर्ण स्त्रियांचा होता. महोत्सव १९५९ साली सुरू झाला, त्याला ६० वर्षे झाली होती. ब्रँडी कार्लाइल या गायिकेकडे तो कार्यक्रम सोपविला होता. कोणी गायचे, कोणाबरोबर गायचे, कोणत्या क्रमाने गायचे, हे सारे तिने ठरविले. ८० वर्षांच्या जुडी कॉलिन्स आल्या, शेरिल क्रो आल्या, विशीतल्या मुली आल्या. आणि शेवटी, कुठल्याही जाहिरातीत नाव नसताना, ७३ वर्षांच्या डॉली पार्टन मंचावर आल्या. एवढ्या दीर्घ कारकिर्दीत त्या न्यूपोर्टला प्रथमच गात होत्या.

हा स्त्रियांचा सन्मान झाला, असे सर्वांनी म्हटले. झालाच. परंतु मला त्या संध्याकाळी जे महत्त्वाचे वाटते ते निराळे आहे. या किनाऱ्यावर बायका काही पहिल्यांदा गात नव्हत्या. पहिल्या वर्षापासून त्या गात आहेत, आणि कित्येकदा त्यांच्यावरच महोत्सव उभा राहिला आहे. नवे काय होते, तर कार्यक्रमाची यादी एका बाईच्या हातात होती. यादी ज्याच्या हातात त्याची सत्ता, हे कारखान्यात हजेरीपुस्तकाजवळ उभ्या राहिलेल्या कोणालाही समजावून सांगावे लागत नाही.

आता थोडे मागे जाऊ. लोकसंगीताच्या आधी न्यूपोर्टला जाझ संगीताचा महोत्सव सुरू झाला, तो जुलै १९५४ मध्ये. त्याची कल्पना एलेन लॉरिलार्ड या श्रीमंत घरच्या बाईंच्या डोक्यातून निघाली, आणि जॉर्ज वीन या तरुण संयोजकाने ती तडीस नेली. पुढे नाव गाजले ते वीन यांचे. गावातल्या उच्चभ्रू टेनिस क्लबाच्या हिरवळीवर पहिला महोत्सव झाला. बिली हॉलिडे आणि एला फिट्झजेराल्ड या दोन थोर कृष्णवर्णीय गायिका तिथे गायल्या. हिरवळीवर गायला मुभा होती. पण कृष्णवर्णीय कलावंतांना गावात उतरायला जागा मिळणे मात्र अवघड होते. आवाज आत, माणूस बाहेर. पुढच्या वर्षी क्लबाने महोत्सवालाच दार बंद केले आणि तो दुसऱ्या मैदानावर हलवावा लागला.

बिली हॉलिडेची त्या वेळची अवस्था आपण समजून घ्या. न्यूयॉर्क शहरात, जिथे दारू विकली जाते अशा जागी काम करायचे तर पोलिसांकडून एक परवाना घ्यावा लागे. गायकाला, वादकाला, वेटरला, बशा धुणाऱ्यालासुद्धा. मादक पदार्थांच्या खटल्यात १९४७ साली तिला शिक्षा झाली आणि तिचा परवाना गेला. तो मरेपर्यंत परत मिळाला नाही. म्हणजे कार्नेगी हॉलसारख्या मोठ्या सभागृहात ती गाऊ शके, न्यूपोर्टच्या हिरवळीवर गाऊ शके. पण ज्या छोट्या क्लबांत तिचे रोजचे पोट भरायचे, तिथे तिला बंदी. सणासुदीला मान, रोजच्या भाकरीला मनाई. १७ जुलै १९५९ रोजी, ४४ व्या वर्षी ती वारली, तेव्हा तिच्या बँकेच्या खात्यात ७० सेंट होते. परवान्याची ती पद्धत १९६७ साली रद्द झाली. आठ वर्षे उशिरा.

याच्या उलट महालिया जॅक्सनचे उदाहरण. ही न्यू ऑर्लीन्सची, गरीब घरची. शिकागोत येऊन तिने धुणी धुतली, मोलकरणीचे काम केले, आणि चर्चमध्ये भक्तिगीते म्हणता म्हणता ती सबंध देशाला माहीत झाली. १९५८ साली न्यूपोर्टला ती मध्यरात्र उलटल्यावर गायली. त्या वर्षीच्या महोत्सवावर जो प्रसिद्ध बोलपट निघाला, त्याचा शेवट तिच्या गाण्याने होतो. या बाईचा एक नियम होता : पैसे रोख आणि गाण्याच्या आधी. कार्यक्रम ठरविणाऱ्यांनी पुष्कळ वेळा बुडविल्यावर तिने हा नियम केला. नोटा मोजून कपड्यांच्या आत जपून ठेवायची, मग देवाचे नाव घ्यायची. काही लोकांना हे भक्तीशी विसंगत वाटे. मला वाटत नाही. आमच्या विडी कामगार बाया आठवड्याचा पगार पदराच्या गाठीत बांधतात आणि मगच देवळाकडे वळतात. त्यांची भक्ती कमी आहे असे मला कधी दिसले नाही.

एक गोष्ट येथे जाता जाता सांगितली पाहिजे. बाईने गावे हे जगाने पूर्वीच कबूल केले होते. तिने वाद्य वाजवावे हे नव्हते. १९५७ साली डिझी गिलेस्पी यांच्या वाद्यवृंदात मेल्बा लिस्टन नावाची एक बाई ट्रॉम्बोन वाजवीत न्यूपोर्टला बसली होती, आणि त्याच वेळी मेरी लू विल्यम्स यांनी त्या वाद्यवृंदाबरोबर स्वतःची रचना पियानोवर वाजविली. इतक्या पुरुषांत ह्या दोघी. लिस्टन दुसऱ्यांसाठी संगीतरचनेची मांडणीही करी. ते काम तर ऐकणाऱ्याला दिसतसुद्धा नाही.

१९६० साली न्यूपोर्टला दंगल झाली. ती बाहेरच्या दारूबाज तरुणांनी केली, तिच्याशी आपल्याला कर्तव्य नाही. पण त्याच वेळी चार्ल्स मिंगस आणि मॅक्स रोच या दोन वादकांनी, मोठा पैसा नाववाल्यांकडे जातो आणि बाकीच्यांना थोडक्यात गुंडाळतात म्हणून, शेजारच्याच एका हॉटेलच्या आवारात बंडखोरांचा वेगळा महोत्सव भरविला. पुढे निघालेल्या त्यांच्या ध्वनिमुद्रिकेत ॲबी लिंकन ही गायिकाही आहे. आम्ही याला संप म्हणू. त्या संपाची मागणी लगेच मान्य झाली असे नाही, परंतु प्रश्न हवेत राहिला.

त्याला उत्तर आले ते लोकसंगीताच्या महोत्सवाकडून, १९६३ साली. त्या वर्षी महोत्सव नफा न कमावणाऱ्या संस्थेकडे आला. सात कलावंतांचे मंडळ नेमले गेले आणि नियम झाला की, प्रत्येक कलावंताला ५० डॉलर, येण्याजाण्याचा खर्च, राहणे आणि जेवण. प्रत्येकाला, म्हणजे प्रत्येकाला. ज्या जोन बाएझला १९५९ साली, १८ वर्षांची अनोळखी पोर असताना, दुसऱ्या एका गायकाने आपल्या वेळात मंचावर बोलावून घेतले होते, आणि जिचे नाव आता घराघरांत झाले होते, तिला ५०; आणि डोंगरातल्या खेड्यातून प्रथमच बाहेर पडलेल्या म्हाताऱ्या बाईलाही ५०. उरलेला पैसा लोकगीते जमविण्याच्या कामाला. ही योजना ज्या थोड्या लोकांनी आखली, त्यांत पीट सीगर यांच्या पत्नी तोशी सीगर होत्या.

समान दराची गोष्ट निघाली की आमच्या सभेत टाळ्या पडतात. मी स्वतः टाळी वाजविण्यापूर्वी दोन गोष्टी पाहतो. एक म्हणजे, नामवंतांना ५० डॉलरने फरक पडत नव्हता. त्यांची ध्वनिमुद्रिकांची मिळकत वेगळी होती. तरीही पद्धत चांगलीच, कारण ज्याला फरक पडत होता त्याला ती उपयोगी होती. दुसरी गोष्ट म्हणजे, त्या सात जणांच्या मंडळात बाई एकच होती : केंटकीच्या जीन रिची. दर सारखा झाला, पण दर ठरविणाऱ्या खुर्च्या सारख्या झाल्या नव्हत्या.

त्या १९६३ च्या महोत्सवात सर्व कलावंतांनी मंचावर हात धरून जे गीत म्हटले, ते आपणा सर्वांना पाठ आहे. 'वुई शॅल ओव्हरकम' हे त्याचे इंग्रजी नाव. त्याचा हिंदी अवतार आपली मुले शाळेत म्हणतात, आम्ही मोर्चात म्हणतो. या गीताला आजचे रूप कुठे मिळाले ते फार थोड्यांना माहीत असते. दक्षिण कॅरोलिनातल्या चार्ल्सटन शहरी तंबाखूच्या कारखान्यात ऑक्टोबर १९४५ मध्ये संप झाला. संपात मोठा भरणा कृष्णवर्णीय बायकांचा होता. पाच महिने तो चालला, ऐन हिवाळ्यात. कारखान्याच्या दारासमोर पहारा संपताना ल्युसिल सिमन्स नावाची कामगार बाई एक जुने भक्तिगीत संथ लयीत म्हणे, आणि त्यात 'मी'च्या जागी 'आपण' आले होते. तिथून ते झिल्फिया हॉर्टन या कामगार शाळेतल्या शिक्षिकेने उचलले. तिने पीट सीगरना शिकविले. आणि पुढे ते जगभर गेले. गीताची अधिकृत नोंद झाली तेव्हा तिच्यात चार नावे आली. ल्युसिल सिमन्सचे नाव त्यांत नाही. त्या चौघांनी पैसा घरी नेला नाही, तो दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांच्या कामासाठी ठेवला, हे त्यांना शोभणारेच आहे. २०१८ पासून ते गीत कोणाच्याच मालकीचे नाही. पण विडीच्या तंबाखूत ज्यांचे हात आयुष्यभर काळे झाले, अशा आमच्या बायांना मी जेव्हा सांगतो की, हे गाणे तंबाखूच्या कारखान्यातल्या एका बाईने आपल्यापर्यंत पोहोचविले, तेव्हा त्या ते निराळ्या आवाजात म्हणतात.

त्याच उन्हाळ्यात, महिन्याभराने, वॉशिंग्टनला रोजगार आणि स्वातंत्र्यासाठी प्रचंड मोर्चा निघाला. त्याचे प्रमुख एक कामगार पुढारीच होते. महालिया जॅक्सन तिथे गायल्या, जोन बाएझ गायल्या, ओडेटा गायल्या. मुख्य भाषणांच्या यादीत मात्र एकाही स्त्रीचे नाव नव्हते. आमच्या चळवळीतले लोकसुद्धा बाईला ध्वनिक्षेपक देतात तो गाण्यापुरता. आजच्या सभेतल्या भगिनींनी याची नोंद घ्यावी आणि बंधूंनीही घ्यावी.

आता ज्या बाईसाठी मी हा विषय निवडला, तिच्याकडे येतो. एलिझाबेथ कॉटन. उत्तर कॅरोलिनातली. लहानपणी दुसऱ्यांच्या घरी काम करून तिने पैसे साठविले आणि पावणेचार डॉलरची एक गिटार घेतली. ती डावखुरी होती. गिटार उजव्या हाताच्या माणसाची. शिकविणारे कोणी नव्हते. तिने गिटार उलटी धरली, त्यामुळे मंद्र तारा खाली आल्या आणि वरच्या पट्टीच्या वर गेल्या. अंगठ्याने वाजवायचे ते बोटांनी आणि बोटांनी वाजवायचे ते अंगठ्याने, असा तिचा स्वतःचा हात तयार झाला. बारा वर्षांची होण्याच्या सुमारास तिने मालगाडीवर एक गाणे रचले. मग लग्न झाले, मूल झाले, चर्चमधल्या वडीलधाऱ्यांनी ही गाणी पापाची म्हणून सांगितले, गिटार सुटली. किती वर्षे? सुमारे चाळीस!

ती वॉशिंग्टनला एका मोठ्या दुकानात कामाला असताना एक लहान मुलगी गर्दीत चुकली. कॉटनबाईंनी तिला तिच्या आईपाशी पोहोचविले. ती मुलगी पेगी सीगर, आणि आई रूथ क्रॉफर्ड सीगर. त्यांनी कॉटनबाईंना घरकामाला ठेवले. घर संगीताचे होते. भिंतीला गिटार टांगलेली असे. एके दिवशी मुलांनी पाहिले की, आपली स्वयंपाकीण ती काढून वाजवीत आहे, आणि तेही उलटी धरून.

या घराचा विचार करताना मला आणखी एक गोष्ट दिसते. मालकीणबाई रूथ या स्वतः मोठ्या संगीतकार. संगीतरचनेसाठी गुगेनहाइम शिष्यवृत्ती मिळालेली पहिली स्त्री, १९३० साली. लग्नानंतर, चार मुलांच्या संसारात आणि लोकगीतांच्या लेखनाच्या कामात, त्यांची स्वतःची रचना कित्येक वर्षे जवळजवळ थांबली होती. म्हणजे एकाच स्वयंपाकघरात दोन बायका, एक मालकीण, एक मोलकरीण. दोघींनी आपापले संगीत बाजूला ठेवलेले. पगार एक देत होती, एक घेत होती, हा फरक मी विसरत नाही. पण तेवढ्याने ते साम्य पुसले जात नाही.

पुढे त्या घरातल्या माइक सीगरने कॉटनबाईंच्या घरी जाऊन गाणी मुद्रित केली. १९५८ साली ध्वनिमुद्रिका निघाली. मात्र त्याआधीच पेगीबरोबर ते मालगाडीचे गाणे इंग्लंडला गेले होते. १९५७ साली तिथे ते खूप गाजले, आणि रचनाकार म्हणून भलत्याच दोघांची नावे छापली गेली. कॉटनबाई त्या वेळी वॉशिंग्टनमध्ये लोकांची भांडी घाशीत होत्या. सीगर कुटुंबाने पाठपुरावा केल्यावर नाव परत मिळाले. १९६४ साली त्या न्यूपोर्टला गायल्या. वय सत्तरीच्या घरात. मिळालेल्या पैशातून त्यांनी सिराक्यूजला स्वतःचे घर घेतले. १९८५ साली, नव्वदी ओलांडल्यावर, त्यांना ग्रॅमी पारितोषिक मिळाले. १९८७ साली त्या वारल्या. हजार विड्या वळून छाट किती काढली याचा हिशेब मागणाऱ्या आमच्या बाईला कोणी हावरी म्हटले की, मला कॉटनबाईंचे ते गाणे आठवते. हिशेब न मागितल्यास दुसऱ्याचे नाव छापले जाते.

आता पुन्हा २०१९. आपण विचाराल की, बायका पहिल्यापासून गात होत्या तर वेगळी संध्याकाळ कशाला? स्त्रियांची रात्र ठरविणे म्हणजे त्यांना पुन्हा वेगळ्या पंगतीला बसविणे नव्हे काय? हा आक्षेप खोटा नाही. एका रात्रीचा मान देऊन वर्षाचा हिशेब चुकता केला असे कोणी समजले, तर तो मान न घेतलेला बरा. परंतु त्या वेळी अमेरिकेत काय चालले होते ते पाहा. तिथल्या ग्रामीण ढंगाच्या लोकप्रिय संगीताच्या नभोवाणी केंद्रांना सल्ला देणाऱ्या एका तज्ज्ञाने २०१५ साली जाहीरपणे सांगितले की, श्रोते वाढवायचे तर बायकांची गाणी कमी करा. कोशिंबिरीची उपमा देऊन त्याने पुरुषांना भाजीची पाने म्हटले आणि बायकांना वरून टाकायच्या टोमॅटोच्या फोडी. गाणे नभोवाणीवर लागले नाही तर मैफली मिळत नाहीत, मैफली नाहीत तर वादकांना पैसे देता येत नाहीत. हा सरळ पोटाचा प्रश्न आहे. कार्लाइल आणि तिच्या तीन सहकारी गायिकांनी स्थापन केलेला 'हायविमेन' हा संच २६ जुलै २०१९ रोजी, म्हणजे आदल्याच दिवशी, न्यूपोर्टला प्रथम गायला, तो याच परिस्थितीतून.

आणि डॉली पार्टन यांनी त्या संध्याकाळी जी गाणी म्हटली त्यांत 'नाइन टू फाइव्ह' होते. याची कुळकथा पुन्हा आमच्या खात्यातली. १९७३ साली बॉस्टनच्या कचेऱ्यांतल्या टंकलेखक आणि कारकून बायकांनी त्या नावाची संघटना काढली. दोन वर्षांनी त्यातून युनियन झाली. जेन फोंडा यांनी त्यांच्या गाऱ्हाण्यांवरून १९८० चा बोलपट काढविला आणि पार्टन यांनी त्याचे शीर्षकगीत लिहिले. चित्रीकरणाच्या जागी त्या आपली नखे एकमेकांवर घाशीत. तो आवाज टंकयंत्रासारखा येई आणि त्यावर त्यांनी चाल बांधली. बॉस्टन न्यूपोर्टहून फार लांब नाही. पण हे गाणे त्या किल्ल्यापर्यंत पोहोचायला जवळजवळ चाळीस वर्षे लागली.

एक हकीकत राहिली, ती सांगून थांबतो. १९६७ साली जुडी कॉलिन्स महोत्सवाच्या मंडळावर होत्या, आणि त्यांच्या आग्रहाने जोनी मिचेल ही अपरिचित तरुणी न्यूपोर्टला गायली. यादीत एक बाई असली की काय होते ते येथे दिसते. लहानपणी पोलिओ होऊन मिचेलचा डावा हात दुबळा झाला होता. म्हणून तिने गिटारच्या तारा स्वतःच्या पद्धतीने जुळविल्या, आणि ते जुळविणेच पुढे तिची ओळख ठरले. १९६९ नंतर ती त्या मंचावर आली नाही. मार्च २०१५ मध्ये मेंदूतली रक्तवाहिनी फुटून तिचे चालणे, बोलणे गेले. ते सारे ती पुन्हा शिकली. गिटारवर बोटे कुठे ठेवायची हेही, स्वतःच्याच जुन्या चित्रफिती पाहून. २४ जुलै २०२२ रोजी ब्रँडी कार्लाइलने तिला, कोणालाही आधी न सांगता, न्यूपोर्टच्या मंचावर आणून बसविले. वय ७८. त्या दिवशी ती गायली, आणि एक गाणे तिने न गाता नुसते गिटारवर वाजविले.